वर्षाला एक लिटर

धारगळला हायवेच्या कडेला जयवंतचं गॅरेज आहे. ट्रकपासून स्कूटरपर्यंत तिथे काहीही दुरुस्त होतं, फक्त मालकाच्या कलाने घ्यावं लागतं. "जरा लवकर करा हां" म्हणणाऱ्याची गाडी हमखास उशिरा मिळते. छप्पन्न वर्षांचा हा माणूस अख्ख्या गावात तिरसट म्हणून ओळखला जातो, पण हाताला असा गुण की नावं ठेवणारेही गाडी त्याच्याकडेच आणतात.

त्याच्या कामाचा एक नियम आहे, तो बापाकडून आलेला. बाबुराव डिचोलीच्या खाणीवर ट्रक दुरुस्त करायचे. हात घातलेलं इंजिन सुरू झाल्याशिवाय ते चहाला शिवायचे नाहीत. दोन्ही मुलगे त्यांच्या हाताखाली तयार झाले आणि दोघांनाही तीच खोड लागली. घर गॅरेजला लागूनच. "सिंधू, च्या हाड गो!" अशी चहा आणायची आरोळी आली की जयवंतची बायको समजते, गाडी लागली, म्हणजे इंजिन सुरू झालं.

गॅरेजमागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली एक लाल गाडी असते. बुटकी, जपानी, दोनच माणसांची, टप उघडणारी स्पोर्ट्स कार. ती धाकट्या भावाची, श्रीनाथची. श्रीनाथ मुरगाव बंदरात कामाला असताना देश सोडून निघालेल्या एका इंजिनियरकडून त्याने ती जुनीच घेतली होती. दोघे भाऊ त्या गाडीतून मोपाच्या पठारावर जायचे. तेव्हा तिथे विमानतळ नव्हता, काजूची झाडं होती, गुरं होती आणि वारा होता. श्रीनाथ गाडी सुसाट सोडायचा आणि जयवंत जीव मुठीत धरून ओरडायचा, "हळू मार रे मेल्या!" आपण आयुष्यात तेवढे पुन्हा कधी हसलो नाही, असं जयवंतला अजून वाटतं.

मग श्रीनाथ बोटीच्या इंजिनरूममध्ये लागला आणि फिरत फिरत उत्तरेकडच्या एका थंड देशात फेरीबोटींवर स्थिरावला. जाताना म्हणाला होता, "दादा, गाडी सांभाळ. मी येतंय." त्याला अकरा वर्षं झाली. आता मोपाला उतरणारी विमानं शेडवरून जातात आणि जयवंत हातातला पाना तसाच धरून वर बघतो. वर बघून काय होणार आहे, हे सिंधूने त्याला विचारून झालं आहे.

गाडी त्याने सांभाळली, पण आपल्या पद्धतीने. दर दसऱ्याला हत्यारांच्या पूजेबरोबर तिचीही पूजा. धुवायची, झेंडूची माळ घालायची, बाटलीतून एक लिटर पेट्रोल ओतायचं आणि सुरू करायची. तेवढ्यात श्रीनाथचा फोन यायचा. जयवंत फोन सायलेन्सरपाशी धरायचा. "मस्त आवाज, दादा," असं म्हणून दोन-चार खुशालीची वाक्यं व्हायची आणि फोन बंद. वर्षभरात एवढंच बोलणं. गणपतीच्या चवथीला एखादा फोटो आला तर आला. भाऊ आपल्यासाठी नाही, गाडीसाठी फोन करतो, ही गोष्ट जयवंतने मनात कबूल करून टाकली होती. गाडी गप्प झाली तर तोही गप्प होईल, ही भीती मात्र त्याने कुणालाच सांगितली नव्हती.

यंदाच्या दसऱ्याला चावी फिरवली. स्टार्टर फिरला, पण सीटच्या मागून पंपाची ती बारीकशी घरघर आलीच नाही. या गाडीचा पंप टाकीच्या आत असतो, पेट्रोलमध्ये बुडालेला, आणि पेट्रोलनेच थंड राहतो. वर्षाला एक लिटर ओतून त्याने तो पंप अकरा वर्षं कोरडा पळवला होता. कुण्या गिऱ्हाइकाने हे केलं असतं तर जयवंतने त्याची सालटी काढली असती. आणि तेवढ्यात फोन वाजला.

"दादा, लाव बघूया."

"लागणा नाय."

मग श्रीनाथने विचारलं, "पंप?"

"पंप."

फोन आता बंद होणार म्हणून जयवंत थांबून राहिला. पण श्रीनाथने फ्यूज विचारला, रिले विचारला, टाकीत वास कसला येतो ते विचारलं. वीस मिनिटं गेली. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा फोन आला.

बेळगावहून पंप येईपर्यंत रोज फोन येत राहिला. जयवंतने बॅटरी सोडवली, सीटमागचं झाकण खोललं, आंबट वासाचं जुनं पेट्रोल उपसलं आणि टाकी आतून पुसून घेतली. पंप आला, पण त्याच्या तोंडाला बसणारी गाळणीची जाळी आली नाही. जयवंतने जुनीच जाळी धुतली आणि चढवली. गाडी लागली, पाच मिनिटं चालली आणि गचके खात बंद पडली.

"जाळी बदललंस?" श्रीनाथने विचारलं.

"धुवून घातलंय."

"दादा! बाबानी तुका कानाक धरून भायर काढलो असतो."

दोघेही हसले. मग बाबांच्या गोष्टी निघाल्या, आईच्या हातच्या बांगड्याच्या तिखल्याची आठवण निघाली. श्रीनाथ मध्येच म्हणाला, "हंय कामावरसून घरा येतंय, पण जेवलंस काय म्हणान विचारणारा कोण नाय." जयवंतने विचारलं, "मगे, जेवलंस?"

नवी जाळी दोन दिवसांनी आली. बोटभर लांबीची पांढरी वस्तू, पण ती बसवली आणि गाडी अशी लागली की शेडचे पत्रे थरथरले. तासभर चालू ठेवली, एक गचका नाही. जयवंतने सवयीने आरोळी ठोकली आणि सिंधू चहा घेऊन आली. संध्याकाळी फोन वाजला.

"लागली?"

जयवंतने लाल गाडीकडे पाहिलं. हो म्हटलं की झालं. मस्त आवाज, दादा, आणि मग पुढचा दसरा.

"नाय रे," तो म्हणाला. "अजून खंय तरी अडता."

आयुष्यात कधी बिघाडाबाबत खोटं न बोललेला माणूस पुढचे दहा दिवस रोज नवा बिघाड रचू लागला. कधी पाईप चोंदला, कधी वायर तुटली. श्रीनाथ शांतपणे ऐकायचा, उपाय सुचवायचा आणि मग तास तासभर भलत्याच गोष्टी बोलत बसायचा. जयवंत खुर्ची टाकून, पाय पसरून, सिंधूने हातात दिलेला कप घेऊन ऐकायचा. "तुमका लाज कशी दिसणा नाय," सिंधू म्हणायची. लाज वाटत होतीच, पण भाऊ मिळत होता.

अकराव्या दिवशी श्रीनाथ म्हणाला, "दादा, तिकीट काढलंय. डिसेंबरात येतंय. मोपाकच उतरतलंय."

जयवंत खुर्चीतून उठून उभा राहिला. आनंदाच्या पाठोपाठ धास्तीही आली. "गाडी..." तो चाचरला.

"गाडी मी बघतलंय. जुनी जाळी फेकूक नाय मा?"

"नाय. आसा."

"मगे ती परत घालून ठेव. माका बदलूक काय तरी रवांदे."

"म्हणजे?"

श्रीनाथ पलीकडून हसला. "दादा, गेले दहा दिस तू फोनार च्या भुरकतंस."

जयवंतने हातातल्या कपाकडे पाहिलं. अर्धा कप त्याने तसाच खाली ठेवला. फोन झाल्यावर तो शेडमध्ये गेला, सीटमागचं झाकण पुन्हा खोललं, उत्तम चालणारी नवी जाळी काढली आणि चोंदलेली जुनी परत बसवली. नवी त्याने कागदात गुंडाळून बाबांच्या फोटोमागे ठेवली.

दुसऱ्या दिवशी सिंधू नेहमीच्या वेळी चहा घेऊन आली, तर त्याने हातानेच नको म्हटलं.

"गाडी खंय लागली अजून," तो म्हणाला. "डिसेंबरात हाड. दोन कप."