पिशवी कोण बदलणार

"गाठ गुदद्वाराच्या अगदी जवळ आहे," सर्जन म्हणाले. "ते द्वार काढून तिथे कायमचं बंद करावं लागेल. पोटावर स्टोमा करू."

स्टोमा म्हणजे आतड्याचं टोक पोटातून बाहेर काढून शिवायचं. शौच तिथूनच होते, आपल्या ताब्यात राहत नाही, म्हणून त्यावर पिशवी चिकटवायची. हे मला घरी येऊन वाचल्यावर कळलं. केबिनमध्ये त्यांनी एवढंच सांगितलं आणि पुढचा पेशंट आत आला.

मी मूळची नागपूरची, वय चव्वेचाळीस. बेंगळुरूत बेळ्ळंदूरला सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करते. कॅन्सरची ही गाठ सापडण्याआधी सात महिने शौचातून रक्त पडत होतं. घराजवळच्या क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी मूळव्याध म्हणून मलम दिलं. बसून काम करता, पाणी प्या, म्हणाले. एकदाही तपासलं नाही. मीही तपासा म्हटलं नाही, लाज वाटत होती. तुम्हाला रक्त दिसत असेल तर माझ्यासारखं लाजू नका. कोलोनोस्कोपी मागून घ्या. आतड्यात कॅमेऱ्याची नळी घालून बघतात, गुंगी देतात, दुखत नाही.

पाच आठवडे रेडिएशन झालं, मग थोडे दिवस थांबून ऑपरेशनची तारीख. आदल्या दुपारी वॉर्डमध्ये शैलजा सिस्टर आल्या. पन्नाशीच्या, बारीक, कन्नड वळणाची हिंदी. फक्त स्टोमाच्या पेशंटचं काम बघणाऱ्या. त्यांनी मला घरचा सलवार-कुर्ता घालायला लावला. नाडी कुठे बांधता? जमिनीवर बसता का? वाका बघू. उठा. परत बसा. मग बेंबीच्या डावीकडे निळ्या पेनाने स्टोमाच्या जागेची खूण केली.

मला भयंकर संताप आला. उद्या मी टेबलावरून उठेन की नाही माहीत नाही, आणि ही बाई नाडी विचारते. मी तोंडावर म्हटलंही. "उठणारच," त्या म्हणाल्या, "मग नाडी बांधावीच लागेल," आणि निघून गेल्या.

ऑपरेशन ठीक झालं. मी मात्र खाली पाहायचं नाही असं ठरवलं. शैलजा सिस्टर पिशवी बदलायला शिकवायच्या तेव्हा मी भिंतीकडे तोंड करायचे. माझा नवरा निखिल शिकला. घरी आल्यावर तीन आठवडे त्यानेच सगळं केलं. मी डोळ्यांवर हात ठेवून पडायचे आणि त्याला टाकून बोलायचे. हळू कर, पटकन कर, बघू नकोस. पिशवीखालची कातडी लाल झाली, मग सोलवटली. रात्रंदिवस आग. त्याचाही दोष मी त्यालाच दिला.

त्या हॉस्पिटलात तेव्हा सिस्टर घरी येऊन बघायच्या. निखिलनेच फोन केला. त्या आल्या, हात धुतले, आणि निखिलला तासभर बाहेर जाऊन यायला सांगितलं. मग माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या.

"आज मी हात लावणार नाही. तुम्ही करा."

मी नाही म्हटलं. त्यांना जे बोलले ते इथे लिहिणार नाही. तक्रार करीन म्हटलं, निघा म्हटलं. त्या निघाल्या नाहीत, समजूतही काढली नाही. मांडीवर बॅग घेऊन बसून राहिल्या. पिशवी कडेने गळायला लागली तेव्हा माझाच नाइलाज झाला.

मी पहिल्यांदा पाहिलं. लाल, ओलसर, लहान. बोट लावलं तर काहीच जाणवलं नाही. तिथे दुखायच्या नसाच नसतात, सिस्टर म्हणाल्या. मोजपट्टी धरली तर स्टोमा हॉस्पिटलमधल्या मापापेक्षा बराच लहान झाला होता. सूज उतरते तसा तो आकसतो. निखिल मात्र पिशवीच्या चिकट चकतीला पहिल्याच मापाचं भोक कापत होता, आणि उरलेल्या जागेतली कातडी शौचाने भाजत होती. नव्या मापाने कापायला लागल्यावर आठवड्यात आग थांबली. निखिलची मी माफी मागितली. तो स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसला.

मी ऑफिसला जायला लागले. हळूहळू आणखी पेशंट भेटले. राजाजीनगरचे सुरेशअण्णा त्यातले. त्यांचं घराणं पिढ्यान्पिढ्या बेंगळुरूमधलं, मराठीत निम्मं कन्नड. त्यांचा स्टोमा नऊ वर्षांचा. महिन्यातून एका रविवारी त्यांच्या घरी आम्ही जमायचो.

एका रविवारी अण्णांनी सांगितलं, सिस्टरांचं घरी जाणं बंद केलंय. त्यांना जनरल वॉर्डात टाकलंय. बदल्यात मोबाइलवर अ‍ॅप, त्यात व्हिडिओ. लॉबीत मोठा बोर्ड लागला होता, 'रुग्णकेंद्री सेवा'. त्यावरचं हसरं कुटुंब पाहून माझं डोकं फिरलं.

आम्ही सात जण प्रशासकांकडे गेलो. अण्णांनी शांतपणे सांगून पाहिलं. साहेब म्हणाले, पिशवी बदलणं काही मोठं काम नाही, कुठलीही नर्स करते.

"मग बोलवा एकीला," मी म्हटलं. "माझी आज बदलायची आहे."

त्यांना ती थट्टा वाटली. मी सोफ्यावर बसले आणि पर्समधून सामान काढून मांडलं. शेवटी त्यांनी फोन केला. एक तरुण नर्स आली, घाबरलेली. अण्णा सोडून बाकीचे पुरुष बाहेर गेले. साहेबही उठायला लागले.

"बसा सार," अण्णा म्हणाले. "स्वल्प वेळ लागतो."

मी कुर्ता वर केला. जी बाई नवऱ्यासमोर डोळे झाकायची, तिने. लाज कुठे गेली ठाऊक नाही, राग तेवढा होता. त्या मुलीने मोजपट्टी उलटी धरली आणि चहाच्या कपाएवढं भोक कापलं. तुझी चूक नाही, तुला कुणी शिकवलंच नाही, असं तिला सांगून मी कात्री घेतली. साहेब पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत होते.

पंधरा दिवसांनी घरभेटी पुन्हा सुरू झाल्या. आठवड्यातून तीन दुपारी, डिस्चार्जनंतर एक महिना. हॉस्पिटलने तो आपला 'नवा उपक्रम' म्हणून जाहीर केला. बोर्डासाठी माझा फोटो मागितला. मी दिला नाही.

मला वाटलं, शैलजा सिस्टर खूश होतील. त्यांनी महिनाभर माझा फोन घेतला नाही. त्यांना वर बोलावून विचारलं होतं, पेशंटना तुम्हीच भडकवलंत का? लेखी खुलासा घेतला. हे अण्णांकडून कळलं. त्यांची नोकरी, त्यांच्या कामाचे तास, त्यांना खाव्या लागणाऱ्या शिव्या, यातलं काहीही त्या केबिनमध्ये जाताना माझ्या मनात नव्हतं. माझं पोट होतं. रुग्णकेंद्री म्हणतात त्यात नर्सला कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. उपकार मानायचे राहिले होते, आता आधी माफी मागायची होती.

नंतरच्या एका रविवारी त्या अण्णांकडे आल्या. एक नवीन बाई आली होती, कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून. सिस्टर सगळा वेळ तिच्याजवळ बसल्या. त्या निघताना मी त्यांना चपलांपाशी गाठून माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतली. ठीक आहे म्हणाल्या नाहीत.

"एका महिन्यात काय होतं?" त्या म्हणाल्या. "तीन महिने लागतात. आणि दोन सिस्टर लागतात. पुढच्या वेळी भांडायला जाताना आधी मला विचारा. काय मागायचं तेच तुम्हाला ठाऊक नव्हतं."

मी पर्समधून पेन काढलं आणि म्हटलं, सांगा.