ग्रुपवर घाण नको

"अरे, आधी याला खाली घ्या. कार्पेट भाड्याचं आहे."

भाऊ माईक बाजूला धरून बोलले, तरी पुढच्या दोन रांगांना ऐकू गेलं. भाऊ म्हणजे आमच्याकडचे एक पुढारी. त्यांच्याच हातून मोफत व्हीलचेअर वाटप चाललं होतं. मी स्टेजवर नव्या खुर्चीत हात जोडून बसलो होतो आणि माझी लघवी त्यांच्या लाल कार्पेटवर पसरत होती. मला पत्ता नाही. छातीखालचं मला काही जाणवतच नाही. लोकांच्या तोंडांवरून कळलं.

उल्हासनगरातला हॉल. स्टेजला पाच पायऱ्या. चालू न शकणाऱ्यांचा कार्यक्रम, आणि पाच पायऱ्या. माझी जुनी खुर्ची खाली ठेवून चौघांनी मला काखेत नि मांड्यांखाली धरून वर नेलं. त्या ओढाताणीत लघवीच्या पिशवीची नळी निसटली. "थांबा जरा," मी दोनदा म्हणालो. कोणी थांबलं नाही. पाहुणे आले होते.

खाली आणल्यावर भाऊ माझ्या बायकोकडे वळले. माझ्याकडे नाही. "ताई, पुढच्या वेळी यांना स्वच्छ करून आणा." करून आणा. मी माणूस आहे की धुवायला टाकलेली चादर? बायको म्हणाली, "हो भाऊ." आणि मीही मान हलवली. त्या मान हलवण्याचा राग अजून गेलेला नाही. आमचं बौद्धांचं घर. आजोबांनी गावकीची कामं सोडली, कोणापुढे हात पसरायचं सोडलं आणि गाव सोडून इथे आले. मी त्यांचा नातू, ओल्या पँटने मान हलवत होतो.

आठ वर्षांपूर्वी अंबरनाथच्या एका कंपनीत गळती बघायला छपरावर चढलो. पत्रा तुटला. पाठीचा कणा मोडला, आतला मज्जारज्जू गेला. तेव्हापासून अंबरनाथ पश्चिमेला तळमजल्याची एक खोली, हेच माझं जग. बायको उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला जाते. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात मी, पंखा आणि फोन.

पण त्या हॉलमध्ये एक गोष्ट झाली. माझ्यासारखी अकरा माणसं मी पहिल्यांदा एका जागी पाहिली. बायकोला सगळ्यांचे नंबर घ्यायला लावले आणि आठवड्याभरात व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप केला. उल्हासनगर, अंबरनाथ, चिखलोली, बदलापूर. अकराचे चाळीस कधी झाले कळलं नाही. लोक लिहायचे, दादा, आपल्यासारखं दुसरं कोणी आहे हेच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

भाऊंना कळलं. फोन आला. "मला पण घे रे ग्रुपमध्ये. आपलीच माणसं." खरं सांगतो, मी फुशारलो. ज्यांनी मला खाली उतरवलं, ते आता माझ्या ग्रुपमध्ये येत होते. चार दिवसांनी परत फोन. "बाकी छान आहे. पण ते शी-शू, जखमा, नळ्या, काय लावलंय? लेडीज आहेत. चांगलं चांगलं टाका. ग्रुपवर घाण नको."

त्याच दुपारी मी नियम लिहिला. स्वच्छ बोलावे. शरीराच्या तक्रारी टाकू नयेत. महिला सदस्य आहेत. भाऊंनी माझा हात धरून लिहून घेतला नव्हता. मीच लिहिला, कारण त्या कार्पेटची लाज माझ्या अंगात मुरली होती. मला वाटलं, स्वच्छ दिसलो तर माणसात घेतील.

तिसऱ्या दिवशी मंदाताईंचा व्हॉइस मेसेज आला. बदलापुरातल्या कुळगावच्या, शेतकरी घरातल्या, गच्चीवरून पडलेल्या. हळू आवाजात बोलत होत्या, कोणी ऐकेल अशा भीतीने. "दादा, मना कमरेच्या खाली काला डाग परलाय. वास येतंय. दुखत नाय, म्हनून कललाच नाय. घरान सासरे, दीर. कुनाला दाखवू?"

मी अर्धाच ऐकला आणि सगळ्यांसाठी डिलीट केला. अ‍ॅडमिनला तेवढं येतं. वर त्यांना वेगळं लिहिलं, ताई, ग्रुपचा नियम वाचा. त्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी फुलं, शुभ सकाळ. मी रोज अंगठा द्यायचो.

मला माहीत होतं काळा डाग म्हणजे काय. माझ्या स्वतःच्या ढुंगणावर झाला होता, पहिल्याच वर्षी. बसून बसून चामडी आतून मरते आणि आपल्याला कळत नाही. दर पंधरा मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग उचलायचं, रोज आरशात बघायचं, काळं दिसलं की त्या जागेवर बसायचंच नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. एवढंच सांगायचं होतं. एक मिनिट लागलं असतं.

महिन्याभराने फुलं बंद झाली. फोन लावला तर मुलीने उचलला. आई दवाखान्यात आहे, जखम हाडापर्यंत गेली, विष रक्तात भिनलं.

बायकोने सुट्टी काढली, रिक्षाच्या मागे खुर्ची बांधली आणि आम्ही गेलो. मंदाताई पालथ्या पडलेल्या. गाल उशीवर दाबलेला. मला बघून रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत.

"दादा, तुमाला म्हाईत होता ना, ता काय हाय?"

"होतं."

"मंग?"

आठ वर्षांत मला कोणी असा प्रश्न विचारला नव्हता. मला सगळे बिचारा म्हणायचे. बिचाऱ्याला कोण जाब विचारतं? या बाईने विचारला. भाऊंनी जे माझ्याशी केलं तेच मी तिच्याशी केलं होतं. तिला स्टेजवरून खाली घेतलं होतं, कार्पेट खराब होईल म्हणून.

त्या वाचल्या. अजून पालथ्याच झोपतात.

मग भाऊंचा फोन. बदलापूरला पुढचा कार्यक्रम. "तुझी ती कुळगावची ताई, तिला स्टेजवर घेऊ. स्टोरी भारी आहे, पब्लिक रडेल. अजून वीस जण आण."

"आणणार नाही."

"का रे?"

"स्टेजला उतार करा. ज्याला यायचंय तो आपल्या खुर्चीत, आपण होऊन येईल. आणि माईक आमच्या हातात."

ते हसले. "माईकवर काय बोलणार तू?"

"शी-शूबद्दल."

मी त्यांना ग्रुपमधून काढलं. नियम खोडला. मग आवाज रेकॉर्ड केला, माझा स्वतःचा. मी शी कशी काढतो, कोणत्या बोटाने, हातमोजा कुठला, नळी किती वेळाने बदलतो, बायकोसमोर पहिल्यांदा चादर भरली तेव्हा मरावंसं कसं वाटलं, सगळं. शेवटी सांगितलं की मंदाताईंचा मेसेज मी पुसला होता आणि त्याची शिक्षा त्या भोगतायत. सहा जण ग्रुप सोडून गेले. एकाने लिहिलं, भाऊंना दुखावलंत, आता आमच्या खुर्च्यांचं काय? त्याचं चुकलं नाही. पण त्याच संध्याकाळी चिखलोलीच्या एका मुलीने फोटो टाकला. टाचेवर काळा डाग. खाली लिहिलं होतं, हे तेच आहे का?

तेच होतं. वेळेत होतं.

आता मंदाताई अ‍ॅडमिन आहेत. पालथ्या पडून बायकांना उत्तरं देतात, मोठ्या आवाजात, सासरे ऐकत असतील तर ऐकोत.

काल भाऊंच्या ऑफिसातून निरोप आला. ग्रुप आमच्या माणसांच्या ताब्यात दे, नाहीतर खुर्ची परत घेऊन जाऊ. जुनी खुर्ची मी कधीच एका गरजूला देऊन टाकली आहे. ही गेली तर मी दिवसभर कॉटवर. बायकोने विचारलं, "काय करायचं?" मी तिच्यासमोरच उत्तर लिहिलं.

खुर्ची न्या. दुपारी घरीच असतो. ग्रुप मिळणार नाही.