वाकडं अंगण

आमच्या गल्लीतल्या बायकांच्या गोविंदा पथकात माझी मुलगी एक्का झाली, म्हणजे सगळ्यात वरच्या थरावर एकटी चढणारी. तेव्हा मी घरात जो तमाशा केला, तो मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगीत अजून चवीने सांगितला जातो. "तू चढायचं नाहीस" हे मी स्वयंपाकघरातून सांगितलं, बाल्कनीतून सांगितलं, शेवटी जिन्यात उभं राहून सांगितलं. ती अकरावीत, वाऱ्याने उडेल एवढी. सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "एवढी भीती वाटते तर तूच उभी राहा ना खाली. पहिल्या थराला बायका कमी पडतायत."

रागाच्या भरात मी "राहते!" म्हणाले. ऑफिसला कमरेचा पट्टा लावून जाणारी, शेहेचाळीस वर्षांची बाई मी. विम्याचा हप्ता भरलाय का, तेवढं नवऱ्याने गुपचूप पाहून घेतलं.

पथक शिकवणाऱ्या ताईंनी मला खालून वर न्याहाळलं आणि आधी पायांत ताकद आणा म्हणाल्या. म्हणून स्टेशनजवळची जिम लावली. तिथल्या ट्रेनरने पहिल्याच दिवशी मला "काकू" म्हटलं आणि आमचं बिनसलं. बाई वाईट नव्हती. खांद्यावर वजनाचा दांडा देऊन साध्या फरशीवर बैठका काढायला लावायची. वजन हळूहळू वाढत होतं, मांड्या दुखत होत्या, सगळं रीतसर चाललं होतं. रीतसर चाललेलं मला कधीच बघवत नाही.

एके दिवशी डबा खाताना मोबाइलवर मला एक व्हिडिओ दिसला. एक माणूस मधोमध कापलेल्या मोठ्या रबरी चेंडूवर उभा राहून बैठका काढत होता. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मनोरा डगमगतो, मग सरावही डगमगत्या गोष्टीवरच नको का? तसला चेंडू जिमच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेला होताच. त्यावर चढले, आणि फरशीवर ज्या वजनाने आरामात बसत-उठत होते त्याच्या निम्म्यानेही मला घाम फुटला. नुसता दांडा घेतला तरी घोटे थरथरायचे.

"काकू, तिथे तुमची सगळी ताकद न पडण्यातच जाते," ट्रेनर म्हणाली. "वजन उचलायला काय राहणार? पाय कमवायचे तर खाली या."

मी तिला मनोऱ्याचं शास्त्र समजावून सांगितलं. जन्मात एकदाही थरात उभी न राहिलेली मी. नाचता येईना अंगण वाकडे म्हणतात. मी अंगणच वाकडं मागून घेतलं होतं. पावसाळा सुरू होईपर्यंत त्या चेंडूवर हात पसरून झुलत होते आणि आरशात स्वतःला बघून खूश होत होते.

मग शाळेच्या मैदानात पथकाचा सराव सुरू झाला. खांद्यांवर दुसऱ्या थराची बाई चढली आणि माझी कमावलेली विद्या कामाला लागली. मी झुलायला लागले. जरा डावीकडे, जरा उजवीकडे, गुडघे सैल, अगदी शिकल्यासारखी. वरून कोणीतरी ओरडलं, "खाली कोण हलतंय रे?" आणि पाठोपाठ, फार वरून, ओळखीचा आवाज आला, "आई! हलू नकोस ना!"

मांड्यांनी जीव सोडला. थर घसरले, बायका एकमेकींवर आल्या. कोणाला लागलं नाही. मुलगी कमरेच्या दोराला लटकत राहिली, हेल्मेट एका कानावर. तिला खाली उतरवलं तशी ती तडक माझ्यापाशी आली. मी घाईघाईने चेंडूचा खुलासा करायला लागले.

"आई, तुझ्या पायाखाली जमीन आहे गं," ती म्हणाली. "हलणारं सगळं माझ्या पायाखाली आहे. आणि ते तू आहेस."

दुसऱ्या दिवशी मी मुकाट्याने फरशीवर गेले. ट्रेनरने दांड्याला वजनाच्या प्लेटा चढवल्या. कंटाळवाणं, जड, सरळ काम. मी कुरकुर केली, पण केलं.

दहीहंडीला रस्ता ओला, स्पीकर कानात, वरून पाण्याचे फवारे. आमच्या थराने मान खाली घालून उभं राहायचं असतं, वर बघायचं नाही. माझ्या डोळ्यांसमोर फक्त पुढच्या बाईच्या टीशर्टवरचा नगरसेवकाचा हसरा फोटो. प्रचंड भीती वाटत होती. वर एकेकजण चढली की खांद्यावरचे तळवे आणखी रुतायचे, एवढीच मला बातमी. शेवटी तळवे जेमतेम जाणवेल एवढे दाबले गेले. ते वजन माझं होतं, माझ्या लेकीचं. मी श्वास धरला आणि हलले नाही.

लोक ओरडले. सलामी देऊन थर नीट उतरले. मुलगी गर्दीतून धावत आली, चिंब भिजलेली. "आई, कशी दिसत होते मी?"

"मला काय माहीत? जमीन कधी मान वर करते का?" म्हणाले आणि भररस्त्यात, तिच्या टीशर्टवरच्या नगरसेवकाच्या तोंडावर डोकं ठेवून रडले.