काचेची वाळू करणारे जाधव सर

जाधव सरांची आणि माझी ओळख रिकाम्या बाटल्यांमुळे झाली. माझी पत्नी सुमन महाडात कोकम सरबत करून विकत असे. ती गेल्यावर तिच्या बाटल्यांच्या चार गोणी माळ्यावर राहिल्या. भंगारात द्यायला मन होईना. तेव्हा शेजाऱ्यांनी सरांचे नाव सुचवले.

सर तंत्रनिकेतनातून निवृत्त झाले होते. टाकाऊ काच बारीक कुटून, चाळून ती सिमेंटच्या मालात थोड्या वाळूऐवजी वापरण्याचा त्यांचा ध्यास आपल्याला ठाऊक आहेच. गोणी न्यायला ते स्वतः आले. "बाटल्या धुतल्यात ना?" एवढेच त्यांनी विचारले. मी हो म्हणालो. ते खरे नव्हते. तळाशी तिच्या हातचे सरबत सुकले होते. ते माझ्याने धुववले नव्हते.

पोलादपूरजवळच्या एका वाडीतील शाळेत नळाखाली ओटा बांधायचा होता. माझ्या दोन गोणींच्या काचेचा सरांचा माल वापरायला शाळा समिती प्रथमच तयार झाली होती. ओटा पाहायला मीही सरांबरोबर गेलो, तर तीन दिवस झाले तरी त्याचा वरचा थर नखाने खरवडून निघत होता. दगडू गवंडी म्हणाला, "सर, ह्याला पहिलीत बसवा. अजून कच्चा हाय." सगळे हसले. समितीचे अध्यक्ष मात्र हसले नाहीत. "नाय जमायचं सर. आपली वाळूच बरी."

सरांची कित्येक वर्षांची मेहनत तिथेच संपणार होती. मी त्यांना बाजूला घेऊन खरे सांगितले. सरांनी ओट्यावरचा चुरा चिमटीत घेऊन पाहिला. मग मंडळींकडे वळून म्हणाले, "काचेचा दोष नाही. बाटल्यांत साखर राहिली होती. साखर असली की सिमेंट धरत नाही. तपासणं माझं काम होतं, ते मी केलं नाही. एकदा पुन्हा करू द्या." माझे नाव त्यांनी घेतले नाही.

उरलेल्या दोन गोणी घेऊन सर दुसऱ्या दिवशी माझ्या अंगणात आले. आम्ही गरम पाण्याने बाटल्या धुवायला बसलो. एक बाटली हुंगून त्यांनी विचारले, "वहिनी जिरं भाजून घालायच्या का हो?" ती गेल्यापासून मी तिच्याविषयी कोणाशी बोललो नव्हतो. त्या दिवशी गोणी संपेपर्यंत बोललो.

अध्यक्षांनी आणखी एक संधी दिली होती; नव्या मालाचा ओटा चांगला धरला. आता त्या वाडीतली मुले चिखलात उभी न राहता पाणी भरतात.

तेव्हापासून बाटल्या धुण्याचे काम मी मागून घेतले आहे. सर पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांनी गोणी उचलणे आता सोडावे. त्यांची प्रकृती धड राहो, नजर अशीच तेज राहो, आणि मी धुतलेली प्रत्येक बाटली उजेडात धरून तपासायला ते आम्हाला पुष्कळ वर्षे लाभोत.