प्रभावतीची सही

मुकुटबनची प्रभावती सतरा वर्षांची असताना केळापूरच्या जत्रेतून एका पोराच्या सायकलवर बसून घरी आली. एवढंच. चौथ्या दिवशी बापाने तिला यवतमाळच्या सुधारगृहात नेऊन घातलं. काय सुधारायचं, ते कोणी सांगितलं नाही. पोरगा मात्र गावातच राहिला, त्याचं लग्नही थाटात झालं. त्याला कोण सुधारतो बाप्पा!

तिथं पापड, शिलाई आणि खाली मान. वर्षातून दोनदा बायको न मिळालेले लोक पोरी पाहायला येत. पसंत पडली की पोरगी सुधारली. प्रभावतीने तीन लेकरांच्या बिजवराला नाही म्हटलं, तर वहीत लिहिलं, 'अद्याप सुधारणा नाही.' सुटायचं तर बापाची, भावाची नाहीतर नवऱ्याची सही लागे. बाप मेला, भाऊ फिरकला नाही. ती तिथंच स्वयंपाकीण झाली, केस पिकले. आता नियम बदलले, पोरी स्वतःच्या सहीने जातात. परवा त्यांतली वैष्णवी चारचाकी चालवायला शिकून गेली. प्रभावतीलाही कोणी अडवत नव्हतं. पण न बोलावता माहेरी जायचं कोणत्या तोंडाने? भाकरी थापताना तिचे डोळे रोज फाटकाकडे असत.

आणि गेल्या मंगळवारी धाकटा भाऊ बळीराम आला. हातात नवं लुगडं. त्याला पाणी देऊन तिने घाईघाईने ट्रंक भरली. वेडी कुठची!

"बाई, तुही सही पायजे होती," त्याने कागद काढला. "वावरातला हिस्सा सोडला म्हणून. सगळ्याच बहिणी देतेत."

"मले घरी नेशीन का?"

बळीराम चपलेकडे पाहत राहिला. "माह्या दीपाचं लगन जुळून राह्यलं. पाव्हणे इचारतीन, आत्या इतके साल कुठं होती."

मेलेल्या बापाचा आला नव्हता एवढा राग तिला या भावाचा आला. तिने कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, घडी घातली आणि लुगड्यावर ठेवून त्याच्यापुढे सरकवला.

"मले इथं आणलं तवा माही सही कोनं इचारली नाही. आता काहून पायजे?"

तो पुटपुटत निघून गेला. तिने ट्रंक उपसली, पातळं पुन्हा दोरीवर टाकली आणि पोरींच्या भाकरी थापायला बसली. रडू आलं तेव्हा रडली. एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा तिने फाटकाकडे पाहिलं नाही.