रुथच्या गोळ्या आणि माझी साक्ष

ही हकिगत सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. गावाकडच्या मंडळीतलं कोणी रायपूरला आलं की मी त्यांना पंडरीच्या कापडबाजारात नेऊन साड्या दाखवायचो, घरी पोटभर जेवू घालायचो, आणि ते गाडीत बसले की सुटल्यासारखा श्वास घ्यायचो. कारण निघताना हमखास कोणीतरी म्हणायचं, शांतवनभाऊ, तुमची ती मंडपातली साक्ष अजून आठवते. त्या साक्षीबद्दलच आज लिहितो आहे. वाशिमकडच्या आमच्या मंडळीनं हे उपासनेनंतर मोठ्यानं वाचून घ्यावं, आणि तिथून माझ्यासारखे जे पांगले त्यांनीही वाचावं, एवढी विनंती.

गाव सोडलं त्या दिवशी आई, बाबा आणि माझी धाकटी बहीण रुथ मला एस.टी. स्टँडवर पोचवायला आले होते. पंडरीतल्या एका कापडाच्या ठोक दुकानात मला नोकरी लागली होती. बाबा मिशनच्या शाळेत शिकवायचे. त्यांनी स्टँडवरच, सगळ्यांसमोर, माझ्या डोक्यावर हात ठेवून मोठ्यानं प्रार्थना सुरू केली. मी मान खाली घातली ती भक्तीनं नव्हे, लोक बघत होते म्हणून. प्रार्थना अर्ध्यावर आली आणि रुथ पडली. तिला लहानपणापासून फिट यायच्या. बाबा तिथंच जमिनीवर बसले, तिला कुशीवर वळवलं, डोकं मांडीवर घेतलं. भोवती बाया जमल्या, कोणी कांदा हुंगवा म्हणे, कोणी चप्पल. कंडक्टरनं घंटी मारली. बाबांनी वर बघून म्हटलं, "तू चढ. हिले मी पाहातो. गाडी सुटून राहिली."

मी चढलो. शेजारच्या माणसानं विचारलं, ती पोरगी तुमची कोण? मी म्हणालो, ओळखीचे आहेत.

आमच्या घरी रुथची गोळी तिच्या ताटाजवळ ठेवलेली असायची. जेवणाआधीच्या प्रार्थनेत बाबा ती तळहातावर घ्यायचे आणि भाकरीसोबत गोळीसाठीही देवाचे आभार मानायचे. कधी रुथ कंटाळली की म्हणायचे, "ताकद त्याची आहे आणि गोळी बी त्यानंच देली. दोन्ही घे." अशा घरात मी वाढलो. मला कोणी चुकीचं शिकवलं असं म्हणायची सोय नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

रायपुरात तात्यापाऱ्यात एका जुन्या मराठी घराच्या माडीवर खोली मिळाली. घरमालकांचे पूर्वज नागपूरकर भोसल्यांच्या काळात इकडे आलेले. त्यांचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध आणि त्यांच्या नातवंडांचं पूर्ण हिंदी. मीही हळूहळू तसाच झालो. दुकानात मी 'शांतवन भैया', चर्चमध्येही भैया. गावाकडची मंडळी इथं कलीसिया झाली, साक्ष ही गवाही झाली. मग सरोजशी लग्न झालं. ती इथलीच, छत्तीसगढी ख्रिस्ती घरातली. तिला मराठी समजायचं, उत्तर मात्र हिंदीत यायचं, आणि पटलं-न पटलं सगळ्याला एकच शब्द, हव, म्हणजे हो.

लग्नानंतर थोड्याच दिवसांनी एक दिवस मी दुकानात शिडीवरून कापडाचं थान काढत होतो आणि खाली ढिगावर पडलो. शुद्धीवर आलो तेव्हा तोंडात रक्ताची चव होती आणि नोकर माणसं मला चप्पल हुंगवत होती. समता कॉलोनीतल्या डॉक्टरांनी तपासलं. रुथला होतं तेच मला निघालं. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि बजावलं, एक दिवसही चुकवायची नाही. आजतागायत मी चुकवलेली नाही. त्यानंतर मला एकदाही फिट आली नाही.

घरी हे कळवलं नाही. रुथबद्दल मला जी लाज वाटायची ती आता माझ्या वाट्याला आली होती. पण देवाचा आधार मी खरोखर घेतला, तेही खोटं नाही. शिडीवर पाय ठेवताना परत पडायची धास्ती वाटायची आणि मी मनात म्हणायचो, प्रभू, तूच धर. तो धरायचा. असे कितीतरी दिवस मी त्याच्या बळावर काढले. म्हणून घरोघरच्या प्रार्थनासभेत साक्ष द्यायची, प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सांगायची वेळ आली तेव्हा मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, पडलो ते, डॉक्टर, गोळ्या, प्रार्थना. सभा चालवणारे विल्सन भैया मोठे थट्टेखोर. संपल्यावर चहा घेता घेता म्हणाले, "भैया, आपकी गवाही में डॉक्टर साहब बहुत आ गए. प्रभु को भी थोड़ा टाइम दो." सगळे हसले. मीही हसलो.

पुढच्या वेळी मी डॉक्टर गाळला. त्याच्या पुढच्या वेळी गोळ्या गाळल्या. ज्यांनी साक्षी दिल्या आहेत त्यांना हे कळेल. कुठे लोक डोळे पुसतात, कुठे चुळबुळ करतात हे उभ्या उभ्या दिसतं, आणि चुळबुळीची जागा पुढच्या खेपेला आपोआप कापली जाते. मी कापडाच्या धंद्यातला माणूस, काटछाट मला जमायची. भिलाईहून, दुर्गहून बोलावणी येऊ लागली. परतताना स्कूटरवर मागं बसलेली सरोज एकदा म्हणाली, "आज गोली का नहीं बोले." मी म्हणालो, साक्षीत सगळंच सांगायचं नसतं. "हव," ती म्हणाली.

मग आमच्या गावच्या वार्षिक सभेचं बोलावणं आलं. तोवर आई-बाबा दोघंही प्रभूकडे गेले होते. चर्चच्या आवारात मंडप घातला होता, बाहेरगावी गेलेल्यांना साक्षीला उभं करायचा रिवाज होता. चर्चच्या पाळकसाहेबांनी माझं नाव घेतलं. बायकांच्या बाजूला, पुढच्या सतरंजीवर रुथ बसली होती. तिचं लग्न गावातच झालं होतं, दोन लेकरं होती, आणि रविवारच्या शाळेत पोरांना शिकवायची. मी बोलायला लागलो. मला फिटचा आजार झाला होता हे तिला त्या दिवशी, सगळ्या गावासोबत कळलं. तिनं तोंडावर पदर धरलेला मला दिसला. तेव्हा थांबायला हवं होतं. पण मंडप इतका शांत झाला होता की त्या शांततेची मला चटक लागली. मी म्हणालो, "मी आज गोळ्यांवर उभा नाही. प्रभूच्या सामर्थ्यावर उभा आहे."

पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत राहिलो की मी कोणाला गोळ्या सोडा म्हटलं नव्हतं. नव्हतं म्हटलं. पण हे वाक्य म्हटलं होतं, आणि ते जसंच्या तसं आज लिहून ठेवतो.

सभा सुटल्यावर रुथ गर्दीतून वाट काढत आली. पाळकसाहेबांच्या पत्नी, पाळकबाई, आणि चार बाया बरोबर होत्या. तिनं माझा हात धरला. "दादा, तुले बी तेच होतं अन् तू सांगितलं नाही? काहून?" मग तिनं आवाज खाली आणला. "मंग तू गोळ्या घेतच नाही आता?"

गोळ्यांचं पाकीट माझ्या शर्टाच्या खिशात होतं. पाळकबाई माझ्याकडे मोठ्या आदरानं बघत होत्या. मी म्हणालो, "रुथे, प्रभू पुरे आहे."

तिचा चेहरा कसा उजळला ते मी लिहू शकत नाही. मी मनाशी ठरवलं की निघायच्या आधी तिला एकटीला गाठून खरं सांगीन. संध्याकाळी तिच्या घरी जेवायला बोलावणं होतं. तिचे यजमान मनोहरराव होते, लेकरं होती, शेजारचे भेटायला आले होते. वाढून झाल्यावर तिनं मला प्रार्थना करायला सांगितलं. तिच्या ताटाजवळ गोळी नव्हती. मी ते पाहिलं. आज नंतर घेणार असेल, असं म्हणून मी डोळे मिटले आणि प्रार्थना केली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं रायपूरला निघालो.

दोन महिनेही झाले नसतील. दुकानाच्या फोनवर मनोहररावांचा निरोप आला. रुथ स्वयंपाक करताना फिट येऊन चुलीवर पडली. मी पोचलो तेव्हा ती सरकारी दवाखान्यात, अंगाला कपडा लागू नये म्हणून ठेवलेल्या जाळीच्या पिंजऱ्याखाली होती. उजवा हात, कान, गालाची एक बाजू भाजली होती. मनोहरराव मला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेले. शांत स्वभावाचा माणूस. म्हणाले, "तुमचं ऐकून सोडल्या हिनं गोळ्या. मी लाख सांगून राहिलो, ऐकेना. म्हणे दादा सोडू शकते तर मी काहून नाही. एक सांगा, तुम्ही खरंच नाही घेत?"

सरळ प्रश्न होता. हो किंवा नाही. मी म्हणालो, आता तो विषय नको, ती बरी होऊ द्या. त्यांनी त्याचा अर्थ, मी घेत नाही, असाच घेतला आणि मान खाली घातली. त्यांनाच माझी माफी मागावी लागली, असं विचारल्याबद्दल.

रुथ मला बघून म्हणाली, "तू नाराज नको होऊ दादा. माझाच विश्वास कमी पडला."

मी तिच्या पायांवर हात ठेवून उभा राहिलो.

ती वाचली. गोळ्या परत सुरू झाल्या, पण ती त्या लपून घ्यायला लागली, चोरी केल्यासारखी. रविवारची शाळा तिनं सोडली. ज्याचा स्वतःचाच विश्वास डळमळला त्यानं पोरांना काय शिकवायचं, असं तिनं पाळकसाहेबांना सांगितलं, आणि कोणी तिला फार अडवलंही नाही. काही जण तोंडावर म्हणाले की पूर्ण विश्वासानं सोडल्या असत्या तर असं झालं नसतं. पुढच्या सतरंजीवरून ती मागं, दाराजवळ बसायला लागली. हे सगळं मला फोनवर कळत होतं. इथं रायपुरात मी साक्ष देणं बंद केलं. तब्येतीचं कारण सांगितलं. विल्सन भैया म्हणाले, आराम करो. खोटं बोलायचं थांबवणं आणि खरं सांगणं यांत किती अंतर आहे ते मला तेव्हा कळलं, आणि ते अंतर मी चाललो नाही.

मागच्या उन्हाळ्यात रुथ फार आजारी झाली. किडन्या गेल्या होत्या. मी निघालो तेव्हा सरोजनं बॅगेत माझ्या गोळ्या ठेवल्या आणि म्हणाली, "इस बार दीदी को बता के आना." मी हो म्हणालो. सगळ्या प्रवासात एकच मागत होतो, प्रभू, बोलायचं बळ दे. आजार सोसायचं बळ त्याच्याकडे मी किती वेळा मागितलं होतं. हे मात्र पहिल्यांदाच.

आणि मला वाटतं, त्यानं ते दिलं होतं. सबबच राहू नये असं सगळं घडलं. दुपारी मनोहरराव औषधं आणायला गेले, त्यांची मुलगी कामावर होती. घरात आम्ही दोघंच, कूलर चालू. रुथ उशाला टेकून बसली होती. आखडलेला उजवा हात तिनं पदराखाली घेतला होता. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझ्यासारखा विश्वास मले नाही जमला, दादा. मागत राहिली, पण नाही जमला. बाबा काय म्हणतीन आता मले?"

मी तोंड उघडलं. ती वाट बघत होती.

"काहून गप झाला?"

"गरम होऊन राहिलं," मी म्हणालो. उठलो आणि कूलरमध्ये पाणी टाकलं.

त्यानंतर आठवडाभरात ती गेली. प्रेतयात्रेआधीच्या उपासनेत नव्या पाळकांनी, चांगल्याच मनानं, सांगितलं की आमच्या बहिणीचा विश्वास दुबळा होता तरी प्रभूनं तिला टाकलं नाही. लोकांनी माना डोलावल्या. मला चार शब्द बोलायला सांगितलं. मी हात जोडून नको म्हटलं. लोकांना वाटलं, दुःखानं.

रायपूरला परतलो तेव्हा सरोजनं दार उघडलं. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पाणी आणायला आत गेली.

माझी पोरं विचारतात, पापा, आपका घर कौन सा है, यहाँ या वहाँ? पूर्वी मी म्हणायचो, वहाँ. आता घर म्हणजे माझ्यासाठी ती जागा आहे जिथं माझं खोटं अजून खरं मानलं जातं आणि माझ्या बहिणीचं खरं कोणालाच माहीत नाही. तिथं मला बोलावू नका, सत्कार करू नका. फक्त दाराजवळच्या त्या जागेकडे एकदा बघा आणि समजून घ्या की तिथं बसणारी बाई आमच्या घरातली सगळ्यांत विश्वासू होती. दुबळ्या विश्वासाची बाई पेटत्या चुलीसमोर रोज गोळीवाचून बसत नाही. ती एका माणसाच्या शब्दावर बसली, आणि त्या माणसानं तिला फसवलं होतं. आणि तुमच्यात ज्यांना रोज औषध घ्यावं लागतं त्यांनी ते घ्या, आभार मानून घ्या. देवाच्या सामर्थ्याला त्यानं कमीपणा येत नाही. मला आला असता, म्हणून मी लपवलं.

आता जे कूलरच्या आवाजात बोलायचं होतं ते.

रुथे, मी एकही दिवस गोळ्या सोडल्या नव्हत्या. मंडपात उभा राहिलो त्या दिवशी बी घेतली होती. तू विचारलं तेव्हा मी खोटं बोललो, पाळकबाईसमोर मोठं दिसायले. तुझा विश्वास कमी नव्हता. तुझा हात माझ्यामुळं गेला, तुझी पोरांची शाळा माझ्यामुळं सुटली. बाबा तुले काही म्हणत नसतीन. म्हणत असतीन तर मले. मले माफ कर, रुथे.