सहाव्या घराचं पुस्तक

लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा आमच्या गल्लीतली सहा घरं मिळून एक पुस्तक घ्यायची. पुण्याहून टपालानं मागवलं तर स्वस्त पडेल, असं घरच्या पुरुषांचं म्हणणं. पण आम्ही बायका चौकातल्या म्हाताऱ्या दुकानदाराकडेच जात असू. तो आम्हाला आत बाकावर बसू द्यायचा, दोन पानं वाचून बघा म्हणायचा. त्याचं दुकान बंद पडलं असतं तर पुस्तक हातात घेऊन बघायचं तरी कुठं? प्रत्येक घरी पुस्तक आठ दिवस राही. सगळ्यांचं झालं की ते मुलींच्या शाळेच्या कपाटात जाई.

सहावं घर मागवाल्यांचं, हातमागावर चादरी विणणाऱ्यांचं. घरात सगळं बोलणं तेलुगूत. तिथल्या बाईला मराठी समजायचं बरंच, पण वाचता येत नव्हतं आणि बोलणं चार शब्दांचं. वर्गणी मात्र तिनं आपणहून आणून दिली होती. "मला बी पायजे," एवढंच म्हणाली.

त्या उन्हाळ्यात माझ्यानंतर तिचा आठवडा होता. ती वाचणार थोडीच, असं ठरवून मी पुस्तक माझ्याकडेच ठेवून घेतलं. खरं सांगायचं तर मला ते सोडवत नव्हतं. दुपारी दार लोटून, ओल्या फडक्यानं पुसलेल्या फरशीवर पालथी पडून मी वाचायची. मागच्या बाजूनं तिच्या मागाची खटखट यायची आणि हळूहळू पुस्तकातच शिरायची. गोष्टीतली होडी त्या तालावर चालायची, नदी माझ्या फरशीवरून वाहायची. मी जागी होते की झोपेत, मलाच कळत नसे.

अशात ती दारात आली. हसून म्हणाली, "चदुवु, अक्का."

"चादर नको गं बाई, घरात दोन आहेत," मी झोपाळू आवाजात म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तर तिनं पुस्तकावर बोट ठेवलं. आता ही पुस्तकाच्या बदल्यात चादर गळ्यात मारतेय, असं वाटून मी वैतागले. "सांगितलं ना एकदा, चादर नको." ती गेली, ती परत आली नाही.

आठवडा संपला, पुस्तक शाळेत पोचलं आणि शाळेला सुट्टी लागली. नवं पुस्तक बघायला गेले तेव्हा दुकानदारानं विचारलं, "मागवाल्या बाईस्नी गोष्ट आवडली का, वैनी?" मी चादरीचा किस्सा रंगवून सांगितला. तो हसला नाही.

"चदुवु म्हंजे वाच," तो म्हणाला. "वाचून दाखवा म्हणत हुत्या की त्या तुमाला."

मी तशीच तिच्या घरी गेले. ती चरख्यावर मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसली होती. तिनं वर पाहिलं नाही. तिचा आठवडा मी खाल्ला होता आणि पुस्तक आता कुलुपात होतं. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. रिकामे हात दाखवत मी कपाळावर बोट ठेवलं. "सगळं इथं आहे," म्हटलं. "चदुवु?"

चरखा थांबला. ती आत गेली, एक कोरी चादर घेऊन आली आणि माझ्यासाठी जमिनीवर अंथरली.

"चादर," ती अक्षर अक्षर सुटं करत म्हणाली, पोराला शिकवावं तशी. मग माझ्या तोंडाकडे बोट केलं. "चदुवु."

मी चादरीवर बसले आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली.